टेपखालचं बोट

तुमच्या घरात कुत्री किंवा मांजर आहे आणि ती रोज तुमच्या पायांशी झोपते, तर मला एवढंच सांगा: तिच्या पोटावरून, एकेका आचळावरून, तुम्ही शेवटचा हात कधी फिरवला? लाडानं नव्हे. शोधत.

आमच्या घरी तो हात गोचीड काढण्याच्या निमित्तानं फिरला. धानाची कापणी नुकतीच उरकली होती, दुपारचं ऊन अंगणात बरं वाटायला लागलं होतं. आई कुत्रीला मांडीवर उताणी घेऊन बसली होती आणि एकेक गोचीड वेचून रॉकेलच्या वाटीत टाकत होती. मी उंबऱ्यात बसून एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते.

"हे पाय," आई म्हणाली, "इथं काहीतरी लागून राह्यलं हाताले. चण्याएवढं."

"गोचीड असेल."

"गोचीड ओढली का निंगते. हे आतमंदी हाय."

मी प्रूफ बाजूला ठेवलं आणि हात लावला. मागच्या आचळापाशी, कातडीखाली, कडक. कुत्री शेपूट हलवत होती. दोन बायका आपल्या पोटाशी खेळताहेत याचा तिला आनंदच झाला होता.

ती आमच्याकडे आली तेव्हा मुठीत मावत होती. आता तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. आई घरी ब्लाऊज शिवते. तिच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर डोकं ठेवून झोपणं हा कुत्रीचा जन्मसिद्ध हक्क होता. "सरक वं, पाय मारू दे," असं आई दिवसातून कितीदा म्हणत असेल, आणि ती डोकं उचलून, आईकडं बघून, पुन्हा तिथंच ठेवायची. शेवटी आई एका पायानं मशीन चालवायला शिकली. वडील गेले, मी दिवसभर बाहेर असते. तेव्हा आईचं बोलणं ऐकणारं घरात कोण, तर ही.

गाठ सापडली आणि घरात फळांची भाषा सुरू झाली. आधी चणा. मग बोर. मग शिंगाडा. शेजारीण येऊन म्हणाली, "लिंबाएवढी तं हाय, चणा काहून म्हणता?" लालबर्ऱ्याला माझा मामा राहतो, तिथल्या एका राईस मिलमध्ये मुनीम आहे. त्याला आईनं फोन लावला.

"अवं बाई, काही नाही होत," मामा म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "आमच्या मिलमधल्या मांजरीले बी अशीच गाठ हाय. चिंचोक्याएवढी. उंदीर मारून राह्यली ना मस्त!"

"चिंचोका केवढा, मामा?" मी विचारलं.

"चिंचोका चिंचोक्याएवढा असते, मोठी आली विचारणारी. तुह्या बापासारखीच हायेस."

ते खरं होतं. वडील कोर्टासमोर टेबल टाकून टायपिंग करायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. कुणी येऊन "लय त्रास होऊन राह्यला" म्हणालं की ते टाइपरायटरवरचे हात उचलून विचारायचे, "लय म्हणजे किती?" ऑक्टोबरात नागपूरला गेले की पिशवी भरून पत्रकं आणि पुस्तिका आणायचे. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, लिहिण्याची मराठी मी त्या पिशवीतून शिकले. पुढं आम्ही घरीच पत्रकं काढायला लागलो तेव्हा त्यांचा एकच नियम होता: "बरेच", "खूप", "दिवसेंदिवस वाढत आहे" हे शब्द आपल्या कागदावर चालणार नाहीत. मोजा, मग लिहा. मोजता येत नसेल तर मोजता येत नाही असं लिहा.

अशा घरात एका गाठीला चार दिवसांत चार फळांची नावं मिळाली याचा मला राग आला. आणि "काही नाही होत" याचा त्याहून जास्त. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. नाली तुंबली, काही नाही होत. खाणीवरून आलेला माणूस खोकतो आहे, काही नाही होत. गाव या एका वाक्यावर चालतं.

जनावरांच्या दवाखान्यात आम्ही ऑटोनं गेलो. ऑटोवाल्यानं आधी नाही म्हटलं, मग आईनं कुत्रीला जुन्या साडीत बाळासारखं गुंडाळलं तेव्हा हसून बसू दिलं. दवाखान्याच्या पडवीत दोन बैल, एक गाभण शेळी आणि कोंबड्यांची टोपली घेऊन आलेला म्हातारा. कुत्री घेऊन आलेल्या आम्हीच. डॉक्टर बैलाच्या जबड्यात औषधाचा गोळा घालत होते. पीठ आणि गूळ मळून त्यात औषध. कोपरापर्यंत हात चिकट झालेले.

हात धुऊन त्यांनी कुत्रीला टेबलावर घेतलं. गाठ दोन बोटांत धरली, हलवून पाहिली, जांघेत चाचपलं.

"पहले कितनी थी?"

"बोराएवढी," आई म्हणाली.

"कौन सा बोर, माताजी? जंगल वाला या बाज़ार वाला?"

मी हसले, डॉक्टरही हसले. मग त्यांनी स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली आणि त्यांचं हसू गेलं. हृदयात आवाज आहे, म्हणाले. वय झालंय. भूल देऊन गाठ काढायची तर धोका आहे, ती उठणारच नाही असंही होऊ शकतं. आणि असलं ऑपरेशन इथं होणार नाही, जबलपूरला न्यावं लागेल.

"तर मग?" मी विचारलं.

तर मग सगळं यावर आहे, त्यांनी सांगितलं, की ही गाठ किती वेगानं वाढते. काही गाठी वर्षानुवर्षं तशाच बसून राहतात, कुत्री म्हातारी होऊन दुसऱ्याच कशानं तरी जाते. अशा गाठीसाठी हे हृदय टेबलावर नेण्यात अर्थ नाही. पण वाढायला लागली तर मग थांबण्यातच धोका जास्त. मग हृदयाचा धोका पत्करायचा आणि जबलपूर गाठायचं, लगेच.

"और बिल्ली हो तो मापते मत बैठना," ते म्हणाले. "बिल्ली की छाती की गाँठ ज़्यादातर ख़राब ही निकलती है. सीधे लेके आना."

मला मामाची मिल आठवली.

नंतर त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. बैलाच्या औषधाचं उरलेलं पीठ घेतलं, त्याचे दोन सारखे गोळे वळले आणि एक आईच्या तळहातावर ठेवला. "ये आज की गाँठ." मग दुसरा गोळा त्याच्यात मिसळला, पुन्हा गोल वळला, पुन्हा तळहातावर ठेवला. "अब ये दुगनी हो गई. लगती है दुगनी?"

नाही वाटत. तुम्ही स्वयंपाकघरात करून पाहा. पोळीच्या दोन गोळ्यांचा एक गोळा करा. तो जरासाच मोठा दिसतो. गाठ वाढते तेव्हा डोळ्याला तिची कड दिसते, आतलं भरलेपण दिसत नाही. कड थोडीशी सरकते तेव्हा आतला माल दुप्पट झालेला असतो. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवू नका, फळांवर तर नाहीच. आठवड्यातून एकदा मोजा. त्यांच्या खणात मोजायचा सरकता चिमटा होता, तो त्यांनी दाखवला. पण त्याचं थंड लोखंड लागताच कुत्रीनं दात दाखवले.

"टेपनं चालन का?" आईनं विचारलं. "मी शिलाईवाली हाव."

"चलेगा. चौतरफ़ा घेर ले लो. बस दो बातें. एक ही हाथ मापे, और हर बार एक ही ढंग से मापे."

आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मोजणं हे तिचं काम होतं.

दर रविवारी, जेवणं झाल्यावर, आई गळ्यातला टेप काढायची. कुत्री ते ओळखायला लागली, आपणहून उताणी व्हायची. गाठ तेवढी लोंबत होती की टेप तिच्याभोवती फिरवता यायचा. आई टेप फिरवायची, त्याच्या आत डाव्या हाताचं एक बोट घालायची, टेप बोटावर टेकवून आकडा वाचायची. साडेपाच इंच. ब्लाऊजचं माप ती असंच घेते. दंडाचा घेर असो, छातीचा असो, टेपखाली एक बोट. नाहीतर कपडा अंगाला आवळतो. तीस-पस्तीस वर्षांची सवय, तिला ते बोट तिथं आहे हे जाणवतसुद्धा नसेल. मला वाटलं, असू दे. प्रत्येक वेळी बोट असेल तर फरक पडत नाही. एकच हात, एकच पद्धत.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायचे. साडेपाच. पुढच्या रविवारी साडेपाच. पुन्हा साडेपाच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला गाठ चाटू देऊ नका. म्हणून आईनं ब्लाऊजच्या उरलेल्या अस्तरांचं एक पोटबांधणं शिवलं. पोटाखालून येऊन पाठीवर नाड्यांनी बांधायचं. शेजारीण म्हणाली, "हिनं तं लग्नाचा ब्लाऊज घातला वं!" आई म्हणाली, "तुह्यापेक्षा फिटिंग चांगली हाय हिची." कुत्री ते घालून गल्लीत फिरायची आणि बाकीची कुत्री तिच्याकडं संशयानं बघायची.

थंडी सरली. मी मामाला दोनदा फोन केला. मांजर दवाखान्यात न्या म्हटलं. तो हसला. "पोरी, पोत्याच्या थप्पीमागं राहणारी मांजर. तिले घेऊन दवाखान्यात गेलो त मिलमधले लोक मले येडं म्हणतीन." तिसऱ्यांदा मी फोन केला नाही. मी थकले होते. माणसाला एखादी गोष्ट पटवून देण्याचं एक वजन असतं, आणि मी दिवसभर तेच वाहत असते. नालीसाठी, रेशनसाठी, शाळेच्या गळक्या छतासाठी. घरी येऊन मांजरीसाठी पुन्हा वाहायचं बळ उरलं नव्हतं. कॅलेंडरवर साडेपाच, साडेपाच, साडेपाच. त्या एका रांगेकडं बघून बरं वाटायचं. या गावात निदान एक गोष्ट तरी वाढत नव्हती.

होळी होऊन गेली आणि मामाचा फोन आला.

"मांजर मेली," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "कोंड्याच्या पोत्यांमागं सापडली. गाठ फुटलती. लय वास येऊन राह्यला होता म्हून हमालानं पाह्यलं." मग, "चिंचोका नव्हता वं तो. मुठीएवढी झालती. मी रोजच पाहत होतो तिले, मले दिसलंच नाही."

मी फोन ठेवला आणि कुत्रीकडं पाहिलं. पायट्यावर नव्हती. दाराजवळ उजव्या कुशीवर पडली होती. मला जाणवलं की ती बऱ्याच दिवसांपासून त्याच कुशीवर झोपते आहे, डावी कूस वर ठेवून. पायरी चढताना मागचा पाय फाकवून टाकते. मी तिच्याजवळ बसले आणि पोटबांधणं सोडायला हात घातला.

कापड तेच होतं, पण तेवढंच नव्हतं. डाव्या बाजूला, पोटाखाली, शिवण उसवून एक तिकोनी तुकडा जोडला होता, कुर्त्याला घेर देण्यासाठी शिंपी कळी जोडतात तसा. मूळ अस्तर गुलाबी, ही कळी निळी. तिच्या शेजारी आणखी एक कळी. ही पिवळी, पहिल्यापेक्षा रुंद. टाके बारीक, सुबक. घाईत केलेलं काम नव्हतं.

आई मशीनवर होती. मशीन थांबलं होतं.

"आई, हे कधी जोडलं?"

तिनं सुईखालचं कापड सरळ केलं.

"आई, कापड दोनदा वाढवलंस. टेप तर साडेपाचच सांगतो."

"टेप साडेपाचच सांगते," ती म्हणाली.

"मोज. आत्ता मोज, माझ्यासमोर."

तिनं गळ्यातला टेप काढला, कुत्रीजवळ बसली. टेप गाठीभोवती फिरवला. आणि मी पाहिलं. बोट नव्हतं. टेप कातडीला घट्ट ओढलेला, इतका की कुत्रीनं मान वळवून आईच्या मनगटाला नाक लावलं. साडेपाच.

"बोट कुठं गेलं?" मी विचारलं.

"कोणतं बोट?"

"आई."

तिनं टेप सोडला. गाठीवर टेपचा पांढरा वळ उठला होता, तो ती अंगठ्यानं चोळत राहिली.

"डॉक्टर काय म्हणला होता, आयकलं ना तू?" ती म्हणाली. "वाढली तं कापा लागते. कापली तं उठन का नाही माहीत नाही. मंग मी कसा वाढवू आकडा? मी आकडा वाढवला का तू तिले उचलून नेशीन जबलपूरले. तू काही आयकणार हायेस का माह्यं? तुले तं कागदावर लिहून आलं का झालं." तिचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "पयले थोडंसंच बोट काढलं. मंग पुरं काढलं. मंग ओढलं. हात आपोआप करून राह्यला होता, मी नाही."

मला भांडायचं होतं. माझ्याकडं सगळं तयार होतं. वडिलांचा नियम, दोन गोळ्यांचा एक गोळा, मिलमधली मांजर. पत्रकाचा मजकूर जुळवावा तसं एकेक वाक्य तोंडात येऊन थांबलं. कुणाविरुद्ध काढायचं पत्रक? हिनं आळस केला नव्हता. "काही नाही होत" असंही म्हटलं नव्हतं. हिला सगळ्यात आधी कळलं होतं, आणि तिनं रात्रंदिवस चालणाऱ्या त्या वाढीला जागा करून दिली होती, आवळू नये म्हणून. कापडाशी ती खरं बोलली, टेपशी नाही बोलू शकली. कारण कापड कुणाला टेबलावर नेत नव्हतं.

मी फक्त म्हटलं, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"हौ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, गाठ पाहिली आणि ते आईला रागावले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "माताजी, वैसे मापो जैसे पहले दिन मापा था." आईनं टेप फिरवला, बोट घातलं. टेप सातच्या पुढं गेला. दीड इंच. तेवढाच फरक. डॉक्टर आईकडं बघत होते आणि आई आपल्या रिकाम्या तळहाताकडं. तिथं कधीतरी पिठाचा गोळा ठेवला होता.

"दुगने से आगे गई," ते हळू म्हणाले.

जबलपूरला मामानं नेलं. न विचारता, मिलची पिकअप घेऊन पहाटे दारात उभा राहिला. मागं कोंड्याची रिकामी पोती अंथरली होती. आई कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसली, पुढं बस म्हटलं तरी ऐकलं नाही. सिवनीच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो तेव्हा मामानं कुत्रीसाठी दूध घेतलं आणि स्वतः तिच्यापुढं धरून उभा राहिला. "पी वं माय," तो म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तिथल्या सर्जनबाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. छातीचा फोटो काढला. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी विचारलं, "ये बढ़ना कब से शुरू हुआ? पहले धीरे, फिर तेज़? या एक जैसा?"

कॅलेंडर मी सोबत आणलं होतं. ते पिशवीतून काढलंच नाही. त्यावर काय होतं सांगायला? साडेपाच, साडेपाच. वेग काढायला लागणारी एकमेव गोष्ट आमच्याकडं नव्हती.

आईनं पोटबांधणं सोडलं आणि टेबलावर पसरलं. "बांधणं थंडी लागली तेव्हा शिवलं. हे निळं होळीच्या आधी जोडलं," ती म्हणाली, "महिना असन आधी. हे पिवळं होळीनंतर, पंध्रा दिवसांत. तेव्हा लवकर आवळाले लागलं." सर्जनबाईंनी आधी कपड्याकडं पाहिलं, मग आईकडं. मग पट्टी घेऊन निळ्या कळीची रुंदी मोजली, पिवळीची मोजली, आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी मांडलं. दुसरी कळी पहिलीपेक्षा रुंद, आणि निम्म्या काळात लागलेली. म्हणजे वेग वाढत गेला होता.

मग त्यांनी फोटोतले ठिपके दाखवले. दोन्ही फुप्फुसांत, ज्वारीच्या दाण्यांसारखे. बघा, मीही फळाधान्याच्या भाषेत आले. त्या म्हणाल्या, गाठ फुटायच्या बेतात आहे, काढली तर उरलेले दिवस बरे जातील. पण ठिपके काढता येणार नाहीत. पिवळ्या कळीच्या आधी आणलं असतं तर फोटो कदाचित स्वच्छ असता, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच, कदाचित, असं पुन्हा म्हणाल्या. त्या "कदाचित"बद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांना जे मोजता येत नव्हतं ते त्यांनी मोजल्यासारखं सांगितलं नाही.

ऑपरेशनच्या कागदावर आईनं अंगठा दिला नाही, सही केली. स्वतःच्या हातानं, पूर्ण नाव.

आणि कुत्री उठली. भुलीतून उठली, डोकं हलवलं, आईचा वास घेऊन शेपटीचं टोक आपटलं. हृदयातला तो आवाज तिला काही करू शकला नाही. ज्या गोष्टीच्या भीतीनं आईनं टेपखालचं बोट काढलं होतं, ती झालीच नाही. पडवीतल्या बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती. मामा शेजारी उभा होता. परतीच्या सगळ्या रस्त्यात आई एकदाच बोलली: "उठली ना वं ती."

उन्हाळा बरा गेला. ती पुन्हा डाव्या कुशीवर झोपायला लागली, पुन्हा पायट्यावर डोकं ठेवायला लागली. नंतर खोकला आला. बाजारात नवे शिंगाडे यायच्या आधी, एका सकाळी, ती मशीनखालून उठली नाही. मामा आणि मी तिला वैनगंगेच्या वाटेवरच्या शेताच्या बांधाला पुरलं. आईनं पोटबांधणं तिच्यासोबत दिलं नाही. ते धुऊन, घडी करून, अस्तरांच्या गाठोड्यात ठेवलं.

आता मी बरोबर होते की आई, हे मला कुणी विचारत नाही, आणि मला त्याचं काही वाटतही नाही. इतकी वर्षं मी असं समजत होते की लोकांना माहीत नसतं म्हणून ते मोजत नाहीत. माहीत करून द्या, कागद वाटा, मग मोजतील. आता कळतं की मोजणाऱ्याच्या हातालाही काहीतरी हवं असतं. तो हात कधी नकळत टेप सैल करतो, कधी ओढतो. पण म्हणून मोजू नका असं मी म्हणणार नाही. उलट. गाठ आपली भीती ऐकून थांबत नाही. आपण बोट काढतो तेव्हा ती फक्त दिसेनाशी होते.

आई हल्ली वेगळं वागते. ब्लाऊजच्या मापाला कुणी आली की टेपखाली बोट घालता घालता विचारते, "घरी कुत्री हाय का? मांजर? पोटावर हात फिरोला का?" बायका हसतात. एक म्हणाली, "मावशी, मी ब्लाऊज शिवाले आली, कुत्री नाही आणली." आई म्हणाली, "मंग घरी जाऊन फिरव. उद्या ट्रायलले येशीन तं सांगशीन मले." ती दुसऱ्या दिवशी आली आणि सांगूनही गेली. तिच्या कुत्रीला काही नव्हतं. आईला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

एक काम माझं समजून करा. हे वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवा आणि तिला उताणी करा. पुढच्या आचळांपासून मागच्यांपर्यंत, मग काखेत, मग जांघेत, दोन बोटांनी हळू चाचपा. मांजर असेल आणि काही लागलं तर मोजत बसू नका, तशीच उचलून डॉक्टरकडं न्या. कुत्री असेल आणि काही लागलं तर तिलाही डॉक्टरला दाखवा, आणि ते मोजायला सांगतील तर फळाचं नाव घेऊ नका, आकडा लिहा, दर आठवड्याला त्याच पद्धतीनं. आणि घरात जिचा तिच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे तिच्या हातात टेप देऊ नका. तिला डोकं धरायला सांगा. टेप तुम्ही धरा.